पर्जन्यमापकाची किंमत तो उभारण्याआधीच कळते

'उपग्रहांना आता सगळा पाऊस वरूनच दिसतो, मग जमिनीवर पर्जन्यमापक हवेत कशाला?' हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. मुळात उपग्रह पाऊस मोजत नाहीत. ढगांतून आणि थेंबांतून येणारी प्रारणे ते टिपतात आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. 2014 साली सुरू झालेल्या जीपीएम या जगभरचा पाऊस टिपणाऱ्या उपग्रह मोहिमेची अंतिम आकडेवारीसुद्धा जमिनीवरच्या मापकांच्या मासिक नोंदींशी ताडून दुरुस्त केली जाते.

आणि हा जमिनीवरचा आधार किती तुटपुंजा आहे पाहा. मापकाचे तोंड साधारण 200 चौरस सेंटिमीटरचे धरू. असे एक लाख मापक एकमेकांना खेटून ठेवले, तरी त्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ 2000 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा एकर भरते. एवढ्याशा नमुन्यावरून अख्ख्या खोऱ्याचा पाऊस सांगायचा, तर मापक किती हवेत आणि कुठे हवेत, हा प्रश्न फार मोलाचा ठरतो.

'किती' याचे ढोबळ उत्तर जागतिक हवामान संघटनेने देऊन ठेवले आहे: पर्वतीय प्रदेशात 250 चौरस किलोमीटरला किमान एक साधा मापक, सपाट प्रदेशात 575 चौरस किलोमीटरला एक. नदीचा विसर्ग मोजणाऱ्या केंद्रांसाठी हेच आकडे 1000 आणि 1875 आहेत. ही फक्त सुरुवात. पुढचे गणित आपल्याच नोंदींवरून करता येते. समजा, एका खोऱ्यातल्या पाच मापकांवरची वार्षिक पावसाची सरासरी अनुक्रमे 60, 80, 100, 120 आणि 140 सेंटिमीटर आहे. या पाचांचा मध्य (सरासरी) 100, प्रमाण विचलन, म्हणजे मध्याभोवतीचा पसारा, सुमारे 31.6, म्हणजेच मध्याच्या 31.6 टक्के. खोऱ्याच्या सरासरीत 10 टक्के चूक चालणार असेल, तर 31.6 ला 10 ने भागून वर्ग करायचा: 10 मापक. चूक 5 टक्क्यांवर आणायची असेल तर 40. चूक निम्मी करायला मापक चौपट लागतात!

पण या सूत्रात एक मोठे गृहीतक दडले आहे. प्रत्येक मापक स्वतंत्र माहिती देतो, असे ते धरून चालते. प्रत्यक्षात शेजारशेजारचे दोन मापक जवळपास एकच गोष्ट दोनदा सांगतात. ती किती 'एकच' आहे हे मोजण्याची रीत मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मापकांच्या जोड्या घ्या. प्रत्येक जोडीच्या नोंदींतल्या फरकाचा वर्ग करून त्याचा अर्धा घ्या आणि तो त्या दोघांमधल्या अंतरासमोर आलेखावर मांडा. जवळच्या जोड्यांत फरक कमी, लांबच्या जोड्यांत जास्त. त्यातून जी रेषा मिळते ती चढत जाते आणि एका अंतरानंतर सपाट होते. हा व्हेरिओग्राम. रेषा जिथे सपाट होते त्यापलीकडचा मापक आपल्या जागेबद्दल सरासरीपेक्षा वेगळे काहीच सांगू शकत नाही. गडगडाटी पावसाच्या तासाभराच्या नोंदींत हे अंतर काही किलोमीटरच असू शकते. महिन्याच्या बेरजेत ते कितीतरी वाढते.

आता मापक नसलेल्या जागेचा पाऊस काढायचा, तर आजूबाजूच्या नोंदींना या रेषेवरून वजने द्यायची. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम करणारे अभियंते डॅनी क्रिग यांच्यावरून या पद्धतीला क्रिगिंग म्हणतात. तिला नेमके गणिती रूप दिले फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी. अंदाज किती चुकू शकतो, त्याचे माप, म्हणजे चुकीचे प्रसरण (व्हेरियन्स), हेही ही पद्धत सांगते. त्या प्रसरणाच्या सूत्रात पावसाच्या त्या दिवशीच्या नोंदी येतच नाहीत. येतात ती फक्त अंतरे आणि व्हेरिओग्राम. म्हणजे नकाशावर एक काल्पनिक मापक ठेवा, गणित पुन्हा करा, आणि चूक किती घटली ते पाहा. एकही पैसा खर्च न करता दहा जागा तपासता येतात. उलट, असलेला मापक काढून पाहिला आणि चूक जवळपास वाढलीच नाही, तर तो शेजाऱ्याचेच बोलणे पुन्हा ऐकवत होता.

अर्थात, व्हेरिओग्राम आला तो असलेल्या नोंदींतूनच. आणि मापक बसतात निरीक्षकाला रोज पोहोचता येईल तिथे, बहुधा दरीत. पाऊस कोसळतो वाऱ्याकडच्या उतारावर. त्यामुळे 'रिकाम्या जागा एआय भरून काढेल' या घोषणेवर माझा विश्वास नाही. ज्या उंचीवर कधी मापक नव्हताच, तिथल्या पावसाबद्दल एआयचे प्रारूप (मॉडेल) कशावरून शिकणार आणि त्याचे उत्तर कशाशी ताडणार?

नदीचे गणित वेगळे, कारण तिथे अंतरापेक्षा प्रवाहाची रचना महत्त्वाची. केंद्रावर सतत नोंदली जाते ती सहसा पाण्याची पातळी. विसर्ग काढला जातो पातळी-विसर्ग वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहते हे दाखवणाऱ्या रेषेवरून, आणि तो वक्र पुरात मोजलेल्या पातळ्यांच्या पलीकडे हमखास ताणावा लागतो. समजा, वरच्या केंद्रावर विसर्ग सेकंदाला 950 घनमीटर, खालच्या केंद्रावर 1000, आणि दोन्हींत 5 टक्के चूक. मधल्या ओढ्यांनी आणलेले पाणी 50 घनमीटर, पण दोन स्वतंत्र चुका मिळून (त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) होणारी अनिश्चितता सुमारे 69! इतक्या जवळ दुसरे केंद्र बांधले, तर मधल्या पाण्याबद्दल ते काहीच सांगणार नाही.

मापक आणि केंद्रांच्या जाळ्याची अशी तपासणी केली की 'जादा' केंद्रे बंद करण्याचा सल्ला निघतोच. तिथे घाई नको. मासिक सरासरीसाठी जादा ठरलेला मापक तासाच्या मुसळधार पावसासाठी एकमेव साक्षीदार असू शकतो, आणि तुटलेली जुनी नोंदमाला नंतर पैसे देऊनही मिळत नाही. मापक हलवणे टाळताच येत नसेल, तर जुना आणि नवा काही वर्षे बरोबर चालवावेत, आणि या जागेची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज शेजारच्या मापकांच्या तशाच बेरजेसमोर मांडावी. जागा बदलल्याच्या वर्षी रेषेचा उतार बदलून तसाच राहिला, तर तो फरक पावसातला नाही, जागेचा आहे; आणि दोन उतारांच्या गुणोत्तराने जुन्या नोंदी दुरुस्त करून घेता येतात.