बांबूची खरी परीक्षा सांध्यात

मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये २०१४पासून अनेक वर्षं दर उन्हाळ्यात एक नवा मंडप उभा राहिला. नाव ‘एमपॅव्हिलियन’. दर वेळी वास्तुविशारद वेगळा. २०१६चा मंडप स्टुडिओ मुंबईच्या बिजोय जैन यांचा होता: ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोर, ५,००० लाकडी खुंट्या आणि ५० टन दगड. छपराचे तट्टे कारवीच्या काठ्यांचे, भारतात विणून नेलेले. सह्याद्रीत कुडाच्या भिंती जिच्या होतात तीच ही कारवी.

यातला २६ किलोमीटर दोर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘बांबू पोलादापेक्षा मजबूत’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. चांगला बांबू तंतूंच्या दिशेने ओढला तर साध्या पोलादाच्या निम्म्याच्या आसपास ताण पेलतो, पण वजनाला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणजे किलोमागे तो सरस. आडव्या दिशेने मात्र ही ताकद काही टक्केच उरते. तंतू लांबीलाच धावतात आणि त्यांना धरून ठेवणारा चीक दुबळा असतो. म्हणून तर कोयता टोकाला बसवून ठोकला की बांबू उभा चिरत जातो.

सांध्यात घातलेला बोल्ट नेमकी हीच कमजोरी गाठतो. छिद्राने तंतू तुटतात, नट आवळताना पोकळ कांडं चेपतं आणि भार आला की छिद्रापासून उभी चीर धावते. बोल्ट टाळता येत नसेल तर छिद्र गाठीजवळ घेतात आणि त्या कांड्यात सिमेंटचा माल भरतात.

खुंटी आणि दोर ही जोडी कामं वाटून घेते. खुंटी बांबूला सरकू देत नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवावी तसे भोवतीचे वेढे त्याला फाटू देत नाहीत. दोर स्वतः टिकतो घर्षणावर, आणि घर्षण वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं. घर्षणांक (दोर बांबूला किती घट्ट धरतो त्याचं माप) ०.३ धरला तर एका वेढ्याने पकड ६.६ पट होते, तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट (सूत्र: e चा घात, घर्षणांक गुणिले रेडियनमधला कोन). तीन वेढ्यांनंतर दोराच्या शेवटच्या गाठीवर जवळजवळ भारच येत नाही. परांची बांधणारे शेवटी दोन बांबूंच्या फटीतून, आधीच्या वेढ्यांना आडवे, दोन वेढे आवळतात. तेच सगळ्या सांध्याला ताण देतात. ते विसरले की सांधा डुगडुगतो.

ओला बांबू वापरला तर हे सगळं वाया जातं. १०० मिलिमीटर व्यासाचा बांबू वाळताना ५ मिलिमीटर आकसला तर परीघ सुमारे १६ मिलिमीटरने घटतो, तेवढा दोर प्रत्येक वेढ्यात सैल पडतो. म्हणून आधी सावलीत वाळवणं, मगच बांधणं.

अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, या समजावर विसंबू नये. भुंगेरे येतात ते बांबूतल्या पिष्टासाठी (स्टार्च), आणि हे पिष्ट किती असेल हे बांबूचं वय आणि ऋतू ठरवतात. तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळ्यानंतर तोडावा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवावा. द्रावण आत शिरावं म्हणून गाठींचे आतले पडदे सळईने फोडून घ्यावे लागतात, नाहीतर मधली कांडी कोरडीच राहतात आणि कीड तिथूनच सुरू होते.

हंगाम संपल्यावर जैन यांचा मंडप मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हलवला गेला.