ओट्याचा कोपरा आणि फिरत्या तबकाचा हिशेब

‘ओट्याखालच्या कोपऱ्यात फिरते तबक बसवले की तिथली इंचन्‌इंच जागा वापरात येते, साधी फळी म्हणजे वाया गेलेला कोपरा,’ हा सल्ला नवे स्वयंपाकघर आखणाऱ्यांना हमखास मिळतो. तो पटतोही, कारण मधल्या खांबावर बसवलेले हे गोल तबक फिरवताच मागची कढई पुढे येते. मात्र हाताला येणारी जागा आणि मावणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कपाट आतून ८० सेंटीमीटर लांब व तेवढेच रुंद आहे असे धरू. तळाचे क्षेत्रफळ ६,४०० चौरस सेंटीमीटर होते. तबक भिंतींना न घासता फिरावे म्हणून त्याचा व्यास ७६ ठेवला, तर क्षेत्रफळ सुमारे ४,५३६, म्हणजे जेमतेम ७१ टक्के भरते. कारण चौकोनात वर्तुळ बसवले की चारही कोन मोकळे राहतात. मधला खांब आणखी थोडी जागा घेतो. शिवाय एखादे झाकण तबकावरून मागे घसरले की तबक अडते आणि झाकण काढायला गुडघ्यांवर बसावे लागते.

खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राचे तबकाएवढे वर्तुळ कापून कपाटाच्या तळाशी पसरावे आणि आपली परात, कुकर, डबे त्यावर मांडून पाहावेत.

रोजच्या भांड्यांसाठी तबक सोयीचेच आहे. पण सोऱ्या, पुरणयंत्र, मोठे पातेले अशा सणासुदीलाच निघणाऱ्या वस्तूंना माझ्या मते खोल, साधी फळी अधिक बरी, आणि ती स्वस्तही पडते.