एमसीबी पडणे

घरातील वीजजोडणीच्या एखाद्या शाखेतून मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला, की तिच्यावरील लघु मंडलखंडकाने (एमसीबी) आपोआप पुरवठा तोडणे. शाखेवरील भार, तारांमधील दोष आणि खुद्द एमसीबीची अवस्था यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. गळतीप्रवाहामुळे (ठरलेली वाट सोडून जमिनीकडे जाणाऱ्या प्रवाहामुळे) आरसीसीबी (अशी गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण) पडणे हा प्रकार तांत्रिकदृष्ट्या वेगळा असला, तरी दोन्ही एकाच डीबीत (घरातील वीजवाटपाच्या पेटीत) बसवलेले असल्याने त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

मंडलखंडकाच्या शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. काही संदर्भग्रंथ ते टॉमस एडिसन यांना देतात. त्यांच्या १८७९ च्या पेटंट-अर्जात मंडल (सर्किट) तोडणाऱ्या एका यंत्रणेचे वर्णन आहे. मात्र त्यांनी उभारलेल्या वितरणव्यवस्थेत प्रत्यक्षात वितळतार (फ्यूज) वापरली गेली. तिच्या एका रूपाचे अमेरिकी पेटंट त्यांना १८८० मध्ये मिळाले. वितळतारेची कल्पनाही मुळात त्यांची म्हणता येत नाही. तारायंत्र केंद्रांना आकाशातील विजेपासून वाचवण्यासाठी मार्गात बारीक तारेचा तुकडा घालावा, असे फ्रान्समधील लुई ब्रेगे यांनी १८४७ च्या सुमारास सुचवले होते. आजच्या एमसीबीशी थेट नाते लागते ते जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो श्टॉट्स यांच्या कारखान्याशी. तेथील खंडकात मंद गतीचा औष्णिक आणि तात्काळ चालणारा चुंबकीय असे दोन्ही भाग एकत्र आले. काही ठिकाणी त्याचे वर्ष १९२३ दिले जाते, तर काही ठिकाणी १९२४. पहिले शोधाचे व दुसरे पेटंटचे धरले, तर विसंगती उरत नाही. पेटंटच्या संदर्भात हाइनरिश शाख्टनर यांचे नावही येते, पण लोकप्रिय वृत्तांतांतून ते बहुधा गळते. एडिसन यांच्या टिपणापेक्षा मानहाइमचा दावा अधिक ग्राह्य वाटतो, कारण आजही घरोघरी वापरात आहे ती हीच जोडरचना.

या रचनेत प्रवाह एका द्विधातू (दोन धातू जोडून केलेल्या) पट्टीतून आणि तारेच्या एका वेटोळ्यातून जातो. जादा भार टिकून राहिला की पट्टी तापून वाकते आणि खटक्याची अडकण सोडवते. शॉर्ट सर्किट झाले, तर वेटोळ्याचे चुंबकत्व सेकंदाच्या शतांशाच्या आसपास तेच काम करते. संपर्कबिंदू दूर होताना उठणारी ठिणगी शेजारच्या धातूच्या चकत्यांमध्ये विभागली जाऊन विझते. खटका बोटाने वर दाबून धरला तरी आतली यंत्रणा मोकळीच असते, त्यामुळे दोष कायम असेल तर एमसीबी पडतोच.

एमसीबीवर ‘सी १६’ असे छापलेले असते. यातील १६ हा अँपिअरमधील अनुमत प्रवाह. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच्या १.१३ पटीला (सुमारे १८ अँपिअर) तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला (सुमारे २३ अँपिअर) तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधला पट्टा अनिश्चित आहे. २३० व्होल्टवर २ किलोवॉटचा गिझर, २ किलोवॉटची इंडक्शन शेगडी आणि १ किलोवॉटची इस्त्री एकाच शाखेवर चालवली, तर प्रवाह २१.७ अँपिअर होतो. अशा वेळी एमसीबी एके दिवशी पडतो आणि दुसऱ्या दिवशी पडत नाही, यात बिघाड काहीच नाही. तात्काळ पडण्याची मर्यादा अक्षरावरून कळते: ‘बी’साठी अनुमत प्रवाहाच्या ३ ते ५ पट, ‘सी’साठी ५ ते १०, ‘डी’साठी १० ते २०. मोटार किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणिक झटका ‘बी’ला सोसत नाही, म्हणून अशा शाखांवर ‘सी’ बसवतात. हे आकडे ३० अंश सेल्सिअस तापमानासाठी आहेत. विदर्भातील मे महिन्यात, शेजारचे एमसीबीही तापलेले असताना, बंद डीबीतला १६ चा एमसीबी त्याहून कमी प्रवाहालाच पडू शकतो.

कारण ओळखायला पडण्याची वेळ उपयोगी पडते. खटका वर करताक्षणी पडला, तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा. त्या शाखेवरील सर्व प्लग काढून पुन्हा पाहावे. प्लग काढल्यावरही पडत असेल, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो आणि ते काम वायरमनचे. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल, तर भार कमी करून पाहावा. भार माफक असूनही तसेच होत असेल, तर एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी. सैल जोड तापतो आणि ती उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते; तेथील वायरचे आवरण काळवंडलेले दिसते. काही प्रकारांत पडलेला खटका मध्येच थांबतो, तो आधी पूर्ण खाली ओढूनच वर करावा.

आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांतील प्रवाहांचा फरक मोजतो. घरगुती वापरात ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते, पण प्रत्यक्षात तो १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतील स्विचबोर्ड आणि आवरण तडकलेले गिझरचे कॉइल ही नेहमीची कारणे. इन्व्हर्टर बसवताना दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेल्यास कोणतीही गळती नसतानाही तो पडतो. हा दोष शोधायला सर्वांत चिवट, कारण प्रत्येक उपकरण तपासले तरी ठणठणीत निघते.

वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवण्याची प्रथा घातक आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळण्याचीच ती नवी आवृत्ती होय. एमसीबीचा आकडा उपकरणावरून नव्हे, तारेच्या जाडीवरून ठरतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ चा एमसीबी असेल, तर तो पडण्याआधी तारेचे आवरण वितळू शकते. गिझर किंवा एसीसाठी डीबीपासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढणे हाच उपाय. असे काम करताना मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरवरील शाखांत वीज खेळती राहते, म्हणून इन्व्हर्टरही बंद करून टेस्टरने खात्री करून घ्यावी लागते.