ख्रिस्ती संगीतकारांची विश्वकोशीय उल्लेखनीयता

एखाद्या ख्रिस्ती संगीतकारावर विश्वकोशात स्वतंत्र नोंद असावी की नाही, हे ठरविण्याचे निकष व त्यांच्या वापराची रीत. ख्रिस्ती संगीतकार म्हणजे येथे श्रद्धापर गीतांची रचना, गायन वा वादन हेच ज्याचे मुख्य कार्यक्षेत्र आहे असा कलावंत अभिप्रेत आहे. केवळ धर्माने ख्रिस्ती असणे पुरेसे नाही. त्यामुळे हिंदी चित्रपटसंगीतातील अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय संगीत-संयोजक या विवेचनाबाहेर राहतात.

छापील कोशांत हा निर्णय संपादक मंडळ पृष्ठांचा अंदाज घेऊन करीत असे आणि त्याची कारणे क्वचितच नोंदली जात. लिखित निकषांची गरज मुख्यतः २००१ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियामुळे भासू लागली. तेथील संगीतविषयक निकष संगीत-लेखांची देखभाल करणाऱ्या गटाच्या चर्चेतून आधी आकाराला आले आणि उल्लेखनीयतेचे सर्वसाधारण सूत्र २००६ च्या सुमारास स्थिरावले, असे दिसते. या क्रमामुळे दोहोंत पूर्ण मेळ नाही. सर्वसाधारण सूत्र स्वतंत्र व विश्वासार्ह साधनांतील सविस्तर दखलीवर उभे आहे, तर संगीताची कलमे राष्ट्रीय विक्री-क्रमवारी, ठरावीक विक्रीनंतर मिळणारे सुवर्ण प्रमाणपत्र, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेले किमान दोन संग्रह, महत्त्वाचा पुरस्कार किंवा त्याचे नामांकन, अशा बाह्य खुणा मोजतात. यांतील एखादी खूण सापडल्यास संगीतकार उल्लेखनीय ‘असू शकेल’, एवढेच ही कलमे म्हणतात; वादात मात्र ती पुष्कळदा अंतिम पुराव्यासारखी वापरली जातात.

अमेरिकेतील ख्रिस्ती संगीताला या खुणा लावताना अडचण येते, कारण त्याचा बाजार बराच काळ वेगळा होता. टेक्सासमधील वेको येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या वर्ड रेकॉर्ड्ससारख्या कंपन्यांच्या तबकड्या मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विकल्या जात आणि तेथील विक्री १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण क्रमवारीत फारशी उतरत नसे. म्हणून त्याआधीचा एखादा गायक सर्वसाधारण क्रमवारीत दिसत नाही, एवढ्यावरून तो खपत नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-व्यवसायविषयक नियतकालिकाच्या ख्रिस्ती गीतांच्या स्वतंत्र क्रमवारीत खालच्या स्थानी आलेल्या नावाला राष्ट्रीय क्रमवारीचा मान द्यावा का, याबाबत मतभेद आहेत. एमी ग्रँटसारख्या गायिकेबाबत प्रश्नच उद्भवत नाही. १९९१ मध्ये तिचे गीत सर्वसाधारण क्रमवारीत पहिल्या स्थानी होते.

खरा वाद साधनांच्या स्वतंत्रपणाविषयी आहे. १९७८ मध्ये सुरू झालेले ‘सीसीएम’ (कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक) हे या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिक १९९९ मध्ये सेलम या कंपनीकडे गेले. हीच कंपनी ख्रिस्ती नभोवाणी केंद्रे चालविते. काहींच्या मते ख्रिस्ती नियतकालिकाने ख्रिस्ती गायकाची घेतलेली दखल मुळातच घरची असते. हे मत टोकाचे वाटते, कारण त्या न्यायाने जॅझच्या मासिकाने जॅझवादकाविषयी लिहिलेलेही बाद ठरेल. श्रद्धेची जवळीक आणि व्यवहाराचे हितसंबंध वेगळे मानणे अधिक सयुक्तिक होय. प्रत्यक्ष तपासणीत उपयोगी पडते ती मजकुराची जात: ध्वनिमुद्रण कंपनीने पाठविलेला परिचय पुष्कळदा दोन-चार विशेषणे गाळून तसाच छापलेला असतो, तोच परिच्छेद दुसऱ्या संकेतस्थळावरही आढळतो, आणि मग पाच संदर्भांचा प्रत्यक्षात एकच संदर्भ उरतो. मार्क ॲलन पॉवेल यांचा समकालीन ख्रिस्ती संगीताचा कोश (२००२) या दृष्टीने भरवशाचा आहे. त्यातील विस्तृत नोंद बहुधा निर्णायक मानली जाते.

पुरस्कारांपैकी ग्रॅमीविषयी शंका घेतली जात नाही. गॉस्पेल म्युझिक असोसिएशनचे (स्थापना १९६४) डव्ह पुरस्कार १९६९ पासून दिले जातात. ते सामान्यतः ग्राह्य धरतात, मात्र ही संघटना व्यवसायाचीच आहे आणि मतदानातील गैरप्रकारांमुळे १९७१ चे पुरस्कार रद्द करावे लागले होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

एखाद्या शैलीचा प्रमुख प्रतिनिधी असणे, हेही एक कलम आहे. त्यातून ख्रिस्ती रॉकचा आद्य कलावंत कोण, हा जुना वाद कोशांत शिरतो. लॅरी नॉर्मन यांचा १९६९ मध्ये कॅपिटॉल कंपनीने काढलेला संग्रह पहिला होय, असे पुष्कळ ठिकाणी म्हटले जाते. वेस्ट व्हर्जिनियातील माइंड गॅराज या वाद्यवृंदाने रॉक संगीतातील उपासना १९६८ मध्येच सादर केली होती. तर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेच्या जॉयस्ट्रिंग्ज या लंडनच्या गटाचे गीत १९६४ मध्येच ब्रिटिश क्रमवारीत आले होते, अर्थात त्याला रॉक म्हणावे की बीट (त्या काळची ब्रिटिश लोकप्रिय संगीताची शैली), हे अभ्यासकावर अवलंबून आहे. संपूर्ण संग्रह व व्यापारी वितरण ही कसोटी धरल्यास नॉर्मन यांचा दावा सर्वांत सबळ दिसतो, परंतु त्यांच्या नोंदीसाठी तो आवश्यक नाही. त्यांचा १९७२ चा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतला. ख्रिस्ती वर्तुळाबाहेरील संस्थेने दिलेली अशी दखल आद्यत्वाच्या दाव्यापेक्षा वजनदार ठरते.

उपासनागीतांचे रचनाकार बहुधा या चौकटीत बसत नाहीत. त्यांची गीते हजारो चर्चमध्ये गाइली जातात, पण तो वापर विक्रीत दिसत नाही. १९८८ मध्ये सुरू झालेली, चर्चना गीते वापरण्याचे परवाने देणारी सीसीएलआय ही संस्था चर्चने कळविलेल्या माहितीवरून तो मोजते. अशा वेळी व्यक्तीऐवजी गीतावर नोंद करण्याकडे कल असतो.

मराठीत या विषयाची साधने तुटपुंजी आहेत. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंग-भजनांना मराठी उपासनेत मोठे स्थान असले, तरी कोशांत ते प्रामुख्याने कवी म्हणून आले आहेत. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सर्वांत समृद्ध साधन होय. मात्र टिळक १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते, त्यामुळे त्या वर्षांतील त्यांच्याविषयीचा मजकूर स्वतंत्र धरता येत नाही. पेटी-तबल्यावर भजने गाणाऱ्या मंडळ्यांतील गायकांची माहिती बहुतेक स्मरणिकांतून मिळते. ती तारखा पडताळण्यास उपयोगी पडते, पण तेवढ्यावर स्वतंत्र नोंद करता येत नाही आणि असे गायक उपासना-संगीताच्या सामान्य नोंदीत घेतले जातात.