चापावरचे झाकण : कमरेच्या पिस्तुलाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची झाडाझडती सुरू झाली. परवाना कोणाला दिला, कशासाठी दिला, गुन्हे दाखल असताना कसा दिला, असे प्रश्न विचारले गेले. पुष्कळ परवाने रद्दही झाले. हवेत गोळ्या झाडणारे, शर्ट वर करून कमरेचे पिस्तूल दाखवणारे व्हिडिओ दिवसभर टीव्हीवर फिरत होते. एक प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही. ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे, तो माणूस पिस्तूल कमरेला नेमके कसे लावतो? पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, झाकलेला असतो की पोटाशी उघडाच? होल्स्टर म्हणजे पिस्तुलाची म्यान; त्यातली फक्त चाप झाकणारी, ट्रिगर गार्ड होल्स्टर नावाची चार बोटांची वस्तू निघाली ती याच प्रश्नापोटी.

मराठवाड्यात कमरेचे पिस्तूल ही तशी अलीकडची गोष्ट. निजामी राजवटीत हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर होता, त्यामुळे १८७८ चा शस्त्र कायदा इथे थेट लागू नव्हता. जहागीरदार, देशमुख, पाटील यांच्या वाड्यांत भिंतीवर टांगलेली असायची ती ठासणीची बंदूक किंवा पुढे बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप). सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर रझाकारांची शस्त्रे जमा झाली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तोवर मराठवाडा महाराष्ट्रात येऊन दोन वर्षे झाली होती. त्या काळातली बहुतेक परवान्याची हत्यारे लांब नळीची, शेतराखणीची. लांब बंदूक लपवून न्यायची नसते, खांद्यावर दिसावी म्हणूनच न्यायची असते. पिस्तूल आले ते रोकड हाताळणाऱ्यांबरोबर: अडत, जिनिंग, पेट्रोल पंप, ठेकेदारी. राजकारण त्यांच्या मागोमाग आले.

पिस्तुलाबरोबर शब्दांचा घोळही आला. मराठीत बंदुकीच्या बाबतीत ‘घोडा’ हा शब्द तीन ठिकाणी धावतो. जुन्या बंदुकीत मागे खेचून चढवायचा तो घोडा, म्हणजे इंग्रजीतला हॅमर. ‘घोडा दाबला आणि बार उडाला’ म्हणतो तेव्हा बोट असते ट्रिगरवर. आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतून आलेला तिसरा घोडा म्हणजे अख्खे पिस्तूलच. ट्रिगरला खरा मराठी शब्द ‘चाप’ आहे, खेड्यात ‘खटका’ही म्हणतात, पण खटका म्हणजे सेफ्टीचे बटण असे समजणारेही तितकेच. ही शाब्दिक कीस काढण्याची हौस नाही. ‘घोडा चढवलेला नाही, म्हणजे काही होत नाही’ हे वाक्य जुन्या ठासणीच्या बंदुकीला बऱ्यापैकी लागू होते. आतल्या आत स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर टोचा मारणारी कांडी) असलेल्या, बाहेर घोडाच नसलेल्या पिस्तुलाला ते लागू होत नाही. तिथे चढलेला-उतरलेला असा दिसणारा घोडाच नाही. बोट, शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकली आणि चाप मागे गेला, की गोळी सुटली. चापाभोवतीची जी कमान असते ती ट्रिगर गार्ड. ती चापाला समोरून-खालून येणाऱ्या धक्क्यापासून वाचवते, पण तिच्या दोन्ही बाजू उघड्याच असतात. ट्रिगर गार्ड होल्स्टर त्या दोन बाजू बंद करते. म्हणजे नावात ‘गार्ड’ असले, तरी गार्ड हा पिस्तुलाचा भाग आणि होल्स्टर हे त्यावरचे झाकण. दुकानात ‘ट्रिगर गार्ड द्या’ म्हटले तर समोरचा गोंधळणारच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत नेमके उलटे चालले होते. १९२० च्या दशकात तिथे रिव्हॉल्वरच्या ट्रिगर गार्डचा पुढचा अर्धा भाग कापून टाकण्याची टूम निघाली होती, कशासाठी तर बोट पटकन चापावर जावे म्हणून. चामड्याची होल्स्टरेसुद्धा चाप उघडा ठेवणारी शिवली जात. हे बऱ्यापैकी खपून गेले, कारण डबल अॅक्शन रिव्हॉल्वरचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा चढवून सोडणारा, चाप जड आणि लांब ओढीचा असतो. चुकून ओढला जाणे अवघड. आपल्याकडच्या पोलिसांच्या जुन्या चामडी होल्स्टरला झाकण आणि बक्कल असे, आणि रिव्हॉल्वरच्या मुठीच्या कडीतून एक दोरी निघून खांद्याला अडकवलेली असे. ती दोरी हत्यार हरवू नये म्हणून. दोरीचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे ती वेगळ्याच कामाला येते.

चित्र बदलले १९८० च्या दशकात. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक हे पिस्तूल स्वीकारले. त्याला अंगठ्याने लावायची बाहेरची सेफ्टी नाही. सेफ्टी चापातच आणि आतल्या रचनेत. चाप रिव्हॉल्वरपेक्षा हलका, ओढ आखूड. हे पिस्तूल जगभर पसरले आणि होल्स्टर शिवणाऱ्यांना दिशा बदलावी लागली. चाप उघडा ठेवणे ही चलाखी राहिली नाही, ते अपघाताला आमंत्रण झाले. कायडेक्स नावाचा तापवून साच्यावर बसवायचा प्लास्टिकचा पत्रा होल्स्टरसाठी वापरला जाऊ लागला. मुळात तो विमानांच्या आतल्या सजावटीसाठी १९६० च्या दशकात निघालेला. चामडे घामाने मऊ होते, दुमडते, आणि दुमडलेली कड चापात शिरते. कायडेक्स दुमडत नाही. मग कोणीतरी उरलेला सगळा पत्रा छाटून फक्त चापाचे झाकण ठेवले, आणि ट्रिगर गार्ड होल्स्टर तयार झाले.

त्याची रचना साधी आहे. झाकण ट्रिगर गार्डवर ‘टक्’ आवाज करून बसते. त्याला एक मजबूत दोरी, दोरीचे दुसरे टोक पट्ट्याला. पिस्तूल पँटच्या आत, वरून शर्ट. पिस्तूल उपसले की दोरी ताणते, झाकण निसटून पट्ट्याला लटकत राहते आणि हत्यार हातात मोकळे. जुनी दोरी हत्यार धरून ठेवायची, ही दोरी झाकण धरून ठेवते. परत ठेवताना मात्र सोय नाही, आणि माझ्या मते तीच या वस्तूची खरी सुरक्षितता. झाकण आधी बाहेर, नळी सुरक्षित दिशेला धरून, डोळ्यांनी बघत बसवावे लागते. मगच पिस्तूल कमरेत. आंधळेपणाने कमरेत खुपसण्याची मुभाच नाही, आणि पुष्कळ अपघात खुपसतानाच होतात. दुबळी बाजूही आहे. दोरी फार आखूड बांधली, तर बसता-उठता ताण पडून झाकण पँटच्या आतच सुटू शकते. दुसऱ्या मॉडेलचे झाकण ‘बसतेय की’ म्हणून लावले तर तेच. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ते ठेवले तर उन्हाने आकार बिघडू शकतो. परभणी-नांदेडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता नियम. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेण्याची पद्धत लिहिली आहे: हातातले हत्यार, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वर, त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. हत्यार मिरवायला बंदी. वाचायला सरळ, पण ‘पूर्णपणे झाकलेले’ या दोन शब्दांवर परवानाधारकांत जितक्या पैजा लागतात तितक्या निवडणुकीवरही लागत नसतील. कशाने झाकलेले? होल्स्टरने की शर्टाने? होल्स्टरनेच असा अर्थ घेतला, तर पिस्तुलाची मूठ बाहेर ठेवणारे बाजारातले जवळजवळ प्रत्येक होल्स्टर नियमाबाहेर जाते. शर्टाने असा अर्थ घेतला, तर ट्रिगर गार्ड होल्स्टर चालते, कारण तेही पिस्तुलासाठीच बनवलेले आणि दोरीने अंगाला जोडलेले. पण मग कोणी विचारेल, नुसत्या चापाच्या झाकणाला होल्स्टर म्हणायचे का?

मला दुसरा अर्थ अधिक पटतो, पण त्याहून मोठी खोच वेगळी आहे. हा सगळा नियम लोकांच्या नजरेचा विचार करतो. हत्यार दिसू नये, दहशत बसू नये. हेतू रास्त आहे, बीडचे व्हिडिओ पाहिल्यावर तर फारच रास्त. पण चाप झाकलेला असावा असे या अटीत लिहिलेले नाही. पातळ कापडाच्या पिशवीत, वरून मोबाईल आणि किल्ल्या टाकून ठेवलेले पिस्तूल झाकलेले असते, पिशवी खांद्याला म्हणजे ताब्यातही असते. नियम पाळला गेला आणि किल्ली चापात. त्याच नियमांनी परवान्याआधी हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आणली. चाप कसा झाकायचा हे कुठे शिकवले जाणार असेल तर तिथेच.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आणखी काही बदलले. एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे, आणि निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीतल्या गोळीबारावर आधी वेगळे कलम नव्हते. जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचे आवार इथे हत्यार नेऊ नये ही परवान्यावरची अट मात्र जुनीच आहे. परळीला महाशिवरात्रीला किंवा माळेगावच्या यात्रेत ती किती जणांना आठवते, हा भाग निराळा.

एक अडचण खास आपली. ही झाकणे मुख्यतः ग्लॉकसारख्या ९ एमएम पिस्तुलांच्या मापाने निघाली, आणि ९ एमएम आपल्याकडे सामान्य माणसाला निषिद्ध बोअर. इथे मिळते ते मुख्यतः .३२ बोअर: कानपूरचे रिव्हॉल्वर, कोलकाता परिसरातल्या सरकारी कारखान्यांतले पिस्तूल, किंवा १९८० च्या दशकाच्या मध्यात आयात थांबण्याआधी आलेले एखादे जुने विलायती, ज्याची किंमत ऐकून गाडी घ्यावी की पिस्तूल असा प्रश्न पडावा. म्हणून झाकण प्रत्येक मॉडेलच्या मापाने बनवून घ्यावे लागते. अनेक जण सोपा मार्ग काढतात, चेंबर, म्हणजे गोळी झाडली जाते ती नळीमागची जागा, रिकामे ठेवतात. ठीक आहे, पण मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजणारेही त्यांच्यातच असतात, आणि चेंबरमधली एक गोळी विसरली जाते.

आणखी एक अडचण कपड्यांची. जालन्याच्या मोंढ्यात एका वयस्कर अडत्यांना मी त्यांचे पिस्तूल कुठे असते असे विचारले होते. त्यांनी नेहरू शर्ट जरा बाजूला केला. पायजम्याची नाडी, नाडीत खोचलेले पिस्तूल, वर एक रुमाल. चाप पोटाकडे.

‘‘पट्टा का नाही लावत, काका?’’

‘‘पायजम्याला पट्टा कोण लावतं, बाबा?’’

मी दोरीचे झाकण दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, दोरी नाडीला अडकवून एक हलका हिसका दिला. झाकण तसेच राहिले, नाडीची गाठ सुटली. त्यांनी डाव्या हाताने पायजमा धरला, उजव्या हाताने पिस्तूल काढून गल्ल्याच्या खणात ठेवले आणि मुनीमजींना पँट शिवणाऱ्याचा पत्ता विचारला.