जांभळ्याचा पिवळा: बेरींच्या अँटीऑक्सिडंट आकड्यामागची गोष्ट

करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळलेल्यांना फळाच्या रंगावर पैज लावणं नवं नाही. प्रयोगशाळेत त्याच करवंदाची जी परीक्षा घेतात, तीही रंगावरच ठरते. डीपीपीएच नावाची काळपट पूड मिथेनॉलमध्ये विरघळवली की गडद जांभळं द्रावण तयार होतं. त्यात करवंदाचा, ब्लूबेरीचा किंवा लडाखच्या सीबकथॉर्नचा अर्क घालायचा आणि नळी अर्धा तास अंधारात ठेवायची. अर्कात अँटीऑक्सिडंटचा दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळट होतो. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्राने वाचतात. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्वाची नळी असते. निम्मा रंग घालवायला जेवढा अर्क लागला तो आयसी-५०. हा आकडा जितका लहान, तितका अर्क जोरकस.

पद्धत स्वस्त आणि झटपट असल्यामुळे झुडपी फळांवरच्या शोधनिबंधांत हा आकडा हमखास भेटतो. मात्र त्याचं मूळ ना फळांत आहे, ना वैद्यकात.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने ॲक्रोलिन हे डोळ्यांना झोंबणारं रसायन अस्त्र म्हणून वापरायला घेतलं. साठवून ठेवलं की ते आपोआप घट्ट होऊन वाया जायचं. शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की ही करामत हवेतल्या ऑक्सिजनची आहे आणि हायड्रोक्विनोनसारखं एखादं फिनॉल अगदी चिमूटभर घातलं तरी ती थांबते. युद्धानंतर ही युक्ती रबर, तेल आणि चरबीच्या धंद्यात गेली. रबराला भेगा पडू नयेत, तेल खवट होऊ नये, यासाठी जे मिसळायचं ते अँटीऑक्सिडंट. तेव्हा हा शब्द कारखान्यातला होता, ताटातला नव्हे.

दुसरा धागा फ्री रॅडिकलचा. रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एखादा एकटा पडला की तो रेणू शेजाऱ्यावर झडप घालतो. असा रेणू टिकूच शकत नाही, असं बहुतेकांना वाटत असताना १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्गने एक टिकाऊ रॅडिकल तयार करून दाखवलं. पुढे १९२२ मध्ये गोल्डश्मिट आणि रेन यांनी डीपीपीएच बनवलं. हे रॅडिकल इतकं शांत, की पूड होऊन बाटलीत निवांत पडून राहतं. अँटीऑक्सिडंटने त्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार दिला की त्याचा जांभळा रंग जातो. मार्सडेन ब्लॉइसने १९५८ मध्ये या रंग जाण्यावरून अँटीऑक्सिडंट मोजायची पद्धत मांडली. आजची नळी तीच.

ही रसायनं माणसाच्या शरीराशी जोडली डेनम हार्मनने. तो आधी शेल कंपनीत रॅडिकलवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ, नंतर डॉक्टर. रॅडिकलच्या सततच्या माऱ्याने शरीर म्हातारं होतं, असा सिद्धान्त त्याने १९५६ मध्ये मांडला. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी पेशीतच रॅडिकलचा बंदोबस्त करणारं एक एन्झाइम ओळखलं, तेव्हा कुठे त्याला वजन आलं.

आता बेरी. न्यू जर्सीत क्रॅनबेरीचे मळे असलेल्या घरातल्या एलिझाबेथ व्हाइट आणि सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली ब्लूबेरी माणसाळवली. पहिलं विक्रीचं पीक १९१६ चं. व्हाइटबाईंनी रानात फळं तोडणाऱ्यांना भोकाची मापपट्टी दिली होती. सुमारे १६ मिलिमीटरच्या त्या भोकातून न जाणारं फळ ज्या झुडपावर मिळेल, त्या झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. रूब लीकचं झुडूप आलं तेव्हा पंचाईत झाली. रूब म्हणजे गावंढळ आणि लीक म्हणजे कांद्याची भावकी. मग दोन्ही जोडून 'रूबेल' केलं. पुढे २००१ मध्ये ८७ वाणांची तपासणी झाली, तेव्हा अँटीऑक्सिडंट क्षमतेत हाच जुना, जवळपास रानटी वाण पहिला आला. आजच्या टपोऱ्या वाणांपुढे रूबेलचं फळ लहान, आणि जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, मुख्यतः सालीत असतो. लहान फळाला गराच्या मानाने साल जास्त.

ही तपासणी 'ओरॅक' पद्धतीची होती. ती १९९३ ची. तिच्यात रंगाऐवजी चकाकी किती वेळ टिकते ते पाहतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये २७७ खाद्यपदार्थांचे ओरॅक आकडे प्रसिद्ध केले आणि बाजाराला पर्वणीच मिळाली. ज्यूसच्या बाटलीवर, कॅप्सूलच्या डबीवर आकड्यांची चढाओढ लागली.

खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाल्याचं १९९४ मध्येच समोर आलं होतं. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटीऑक्सिडंट क्षमता वाढते, ती मुख्यतः फळातल्या फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक ॲसिडची, हेही नंतर कळलं. शेवटी २०१२ मध्ये कृषी खात्याने ती यादीच काढून टाकली. नळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि कंपन्या आकड्यांचा गैरवापर करतात, ही त्यांनी दिलेली कारणं. माझ्या मते हे पाच वर्षं आधी, यादी छापतानाच सुचायला हवं होतं.

डीपीपीएच मात्र प्रयोगशाळेतून गेलं नाही, आणि जायचं कारणही नाही. पान सरस की फळ, पाण्यातला अर्क बरा की मिथेनॉलमधला, अशा तुलनेला ते कामाचं आहे. फक्त करवंदासारख्या फळाशी गाठ असेल तर एक मेख ध्यानात ठेवावी लागते. अँथोसायनिन स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे अगदी डीपीपीएचच्या पंगतीत. त्यामुळे नळीतला जांभळा कुणाचा, उरलेल्या डीपीपीएचचा की फळाचा, हे यंत्राला कळत नाही. म्हणून डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काची आणखी एक नळी लावायची, आणि तिचं वाचन वजा करायचं.