मोगली एक, कार्टूनं दोन: डिस्नेचं आणि दूरदर्शनवरचं

‘जंगल जंगल बात चली है’ या दूरदर्शनवरच्या मोगली मालिकेच्या गाण्याचा डिस्नेशी मुळात काहीही संबंध नव्हता. तरी कुणी जुन्या रविवार सकाळच्या आठवणी लिहायला बसलं की वर या गाण्याची ओळ येते आणि खाली चित्र लागतं ते डिस्नेच्या बालू अस्वलाचं, मोगलीला पोटावर बसवून नदीत तरंगत चाललेल्या. वाचणारेही ‘काय दिवस होते!’ म्हणून पुढे जातात. खरं तर हे दोन वेगळे मोगली आहेत. त्यांच्यात बावीस वर्षांचं अंतर आहे, ते दोन वेगळ्या देशांत घडले आणि त्यांचं वयही अगदी निरनिराळ्या तऱ्हेने झालं आहे. आपलं प्रेम नेमकं कुणावर आहे हे एकदा स्वच्छ पाहावं, असं मला फार वाटतं. कारण त्या प्रेमातला एक मोठा वाटा ज्यांचा आहे, त्यांना तो मिळतच नाही.

डिस्नेचा ‘द जंगल बुक’ हा ७८ मिनिटांचा चित्रपट. ऑक्टोबर १९६७मध्ये तो अमेरिकेत लागला. दिग्दर्शक वुल्फगँग राइदरमन, आणि मोगलीचा आवाज त्यांच्याच मुलाचा, ब्रूसचा. वॉल्ट डिस्ने यांनी जातीने लक्ष घालून करवून घेतलेला हा शेवटचा मोठा अ‍ॅनिमेशनपट. डिसेंबर १९६६मध्ये ते गेले, त्यामुळे पूर्ण झालेला चित्रपट काही त्यांना पाहता आला नाही. बिल पीट या त्यांच्या जुन्या कथाकाराने आधी रड्यार्ड किपलिंगच्या मूळ पुस्तकाला धरून गंभीर, काळोखी गोष्ट बांधली होती. वॉल्टना ती पसंत पडली नाही. त्यांना गाणी हवी होती, गंमत हवी होती, अस्वल आणि पोराची दोस्ती हवी होती. मतभेद झाले, पीट स्टुडिओ सोडून गेले आणि गोष्ट नव्याने रचली गेली. म्हणूनच या चित्रपटात किपलिंग नावापुरता आहे. त्याचा जीव आहे साठच्या दशकातल्या अमेरिकी गाण्याबजावण्यात.

दूरदर्शनवरचा मोगली जपानचा. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीने १९८९-९०मध्ये टीव्ही टोक्योसाठी ५२ भागांची मालिका केली, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. परदेशी बालसाहित्यातलं एखादं पुस्तक उचलायचं आणि ते आठवड्याला एक भाग अशा बेताने वर्षभर सांगत राहायचं, ही या कंपनीची खास रीत. डिस्नेने जे सव्वा तासात आटोपलं त्याला इथे वीसेक तास मिळाले. ही मालिका हिंदीत होऊन १९९३मध्ये दूरदर्शनवर आली. हिंदीसाठी शीर्षकगीत गुलजारांनी नव्याने लिहिलं, चाल दिली तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या विशाल भारद्वाज यांनी, आणि शेरखान हा वाघ बोलला नाना पाटेकरांच्या आवाजात. मूळ जपानी मालिकेचं गाणं साफ निराळं आहे.

हा गोंधळ व्हायला कारणंही तशीच आहेत. त्याच दशकात त्याच दूरदर्शनवर ‘टेलस्पिन’ हे डिस्नेचं कार्टून लागायचं. त्यातला बालू डिस्नेचाच, फक्त टोपी चढवून विमान चालवणारा, आणि शेरखान सुटाबुटातला उद्योगपती. म्हणजे एकाच पडद्यावर जपानी बालूही येत होता आणि अमेरिकीही. आठवणींनी ते दोघे एकत्र केले तर नवल नाही. त्यात २०१६मध्ये भर पडली. डिस्नेने जॉन फॅवरोचा नवा ‘जंगल बुक’ भारतात आणला, तेव्हा हिंदीत शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं, आणि जाहिरातीसाठी तेच गुलजार-भारद्वाज गीत नव्याने करवून घेतलं. जे डिस्नेचं नव्हतं ते तेवीस वर्षांनी डिस्नेच्या अंगणात आलं. आता नव्या पिढीला ते वेगळं करून सांगणं आणखीच अवघड झालं आहे.

दोन्ही ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ‘का’ हा अजगर. डिस्नेच्या ‘का’चे डोळे रंगीत वलयांनी फिरू लागतात, तो लाडीगोडीने गातो आणि मोगलीला गिळायला टपलेला असतो. मालिकेतला ‘का’ म्हातारा, प्रचंड, शहाणा आणि मोगलीच्या बाजूचा. किपलिंगच्या पुस्तकात माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला धावून जाणारा ‘का’ हाच. बालूचंही तसंच. पुस्तकात तो जंगलचा कायदा शिकवणारा, प्रसंगी फटका देणारा मास्तर आहे, आणि मालिकेने ही वडीलकी बरीच सांभाळली. डिस्नेने त्याला बिनघोर, पोट खाजवत नाचणारा दोस्त केला. तो लोकांना इतका आवडला की आज बालू म्हटलं की तोच डोळ्यांसमोर उभा राहतो.

पण खरा फरक लांडग्यांचा आहे. डिस्नेत लांडगे सुरुवातीला थोडा वेळ दिसतात, सभा भरवून पोराला माणसांत पाठवायचं ठरवतात आणि चित्रपटातून नाहीसे होतात. पुढची सगळी गोष्ट म्हणजे बगीरा हा काळा बिबट्या मोगलीला गावाकडे नेतोय आणि मोगलीला जायचं नाही. मालिकेत लांडगे हेच घर आहे. आई आहे, बाप आहे, भावंडं आहेत, कळपाची सभा आहे, आणि वय होत चाललेला कळपाचा म्होरक्या अकेला आहे, ज्याच्या जागेवर इतरांची नजर आहे. आपण या कळपाचे आहोत की नाही, हा प्रश्न मोगलीला भागामागून भाग छळत राहतो. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला त्यांना अकेला सहसा आठवत नाही. ज्यांनी मालिका पाहिली ते त्याला विसरत नाहीत.

जागेच्या बाबतीत दोघांनीही मनाला येईल तसं केलं. डिस्नेने मध्य भारताच्या जंगलात बोर्निओ-सुमात्राचा ओरँगउटान आणून राजा केला. हा किंग लुई पुस्तकात नाहीच. जपान्यांनी मोगलीच्या हाती बूमरँग दिलं. किपलिंगची जागा मात्र खरीखुरी आहे. सिवनीचे डोंगर आणि वैनगंगा, जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे येते. पेंचचं जंगल आजही अर्धं मध्य प्रदेशात आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. स्वतः किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५मध्ये, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. मोगलीच्या बहुतेक कथा त्याने लिहिल्या त्या मात्र अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत.

आता वयाचं बोलू. डिस्नेच्या चित्रपटाची चित्रं आजही ताजी वाटतात. चित्रकाराची पेन्सिलची रेघ हाताने न गिरवता थेट झेरॉक्स करून पारदर्शक शीटवर उतरवायची पद्धत स्टुडिओने १९६१पासून घेतली होती, त्यामुळे बालूच्या, शेरखानच्या अंगाभोवती ती खरखरीत, जिवंत रेघ तशीच राहिली. मिल्ट काल यांनी काढलेला शेरखान चालताना बघा. खांद्याची हाडं कातडीखाली सरकतात, पाऊल टेकताना अंगाचं वजन जाणवतं. त्याला जॉर्ज सँडर्सचा मऊ, सभ्य, थंड आवाज. तो येतो अर्ध्याहून जास्त चित्रपट उलटल्यावर, तरी लक्षात तोच राहतो.

ज्याचं वय दिसतं ते या चित्रांमागच्या विचारात. त्या गिधाडांचं उदाहरण घ्या. लांब केसांची, लिव्हरपूलच्या ढंगात बोलणारी ती चौकडी सरळ बीटल्स या इंग्रज बँडवरून घेतलेली आहे. गाणं आधी त्याच वळणाचं व्हायचं होतं, पण ती फॅशन उद्या शिळी होईल म्हणून ते जुन्या चार आवाजांच्या घाटात बांधलं गेलं. गाणं वाचलं, केस तेवढे १९६७चेच राहिले.

किंग लुईचं दुखणं याहून खोल आहे. माणूस होण्याची आस लागलेला, जॅझ गाणारा माकडांचा राजा. आवाज न्यू ऑर्लीन्सच्या लुई प्रीमाचा, जो इटालियन वंशाचा होता. पण काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्कांची लढाई ऐन रंगात असताना त्यांचं संगीत माकडांच्या तोंडी घालणं अनेकांना खटकलं आणि आजही खटकतं. ते गाणं मला अतिशय आवडतं आणि हा आक्षेपही मला पटतो. दोन्ही एकत्र बाळगूनच ते बघावं लागतं. कर्नल हाथीचंही मला बोचतं. किपलिंगचा हाथी हा जंगलातला सगळ्यात मौनी, सगळ्यात जुना साक्षीदार. चित्रपटात तो व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाच्या गोष्टी सांगणारा, कवायत घेणारा इंग्रज अंमलदार झाला. आणि शेवटी येणारी एकुलती एक मुलगी काय गाते? बाप शिकारीला, आई रांधतेय, मी पाण्याला चाललेय, मोठी झाले की मला नवरा मिळेल. आज मुलीला शेजारी बसवून हे पाहताना त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

मालिकेची चित्रं मात्र थकलेली आहेत, हे मान्य करायला हवं. दर आठवड्याला भाग द्यायचा, त्यामुळे हालचाली कमी. स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवलेला, पळण्याची तीच तीच दृश्यं पुन्हा वापरलेली. गती इतकी संथ की आजच्या मुलांची चुळबुळ सुरू होते, आणि मोठ्यांचीही. पण चार-पाच भाग धीर धरला की ती पकड घेते. भीती, भूक, मरण, एकटेपण यांपैकी काहीच त्यात मुलांपासून लपवलेलं नाही, आणि प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला आहे. गोष्ट म्हणून ती आज चित्रपटापेक्षा जास्त टिकली आहे, असं माझं ठाम मत आहे.

तरीही हीच मालिका जपानी किंवा इंग्रजी आवाजात लावली की आपल्याकडच्या माणसाचा विरस होतो. चित्रं तीच, कथा तीच, पण आपला मोगली सापडत नाही. कारण आपण जे जपून ठेवलं आहे ते बहुतांशी कानांनी पाहिलेलं आहे. चड्डी घातलेल्या पोराला फूल म्हणणारी गुलजारांची ओळ, लहान मुलाचा तो आवाज आणि नानांचा शेरखान. नाना मराठी रंगभूमीवरून आलेले. वाक्याच्या मध्येच थांबून पुढचा शब्द खालच्या पट्टीत टाकायची त्यांची ढब. सँडर्सचा शेरखान बड्या घरचा, नानांचा शेरखान रस्त्यावरचा. त्याची भीती जवळची वाटायची. मराठी घरांत तेव्हा मुलांची हिंदी याच आवाजांवर पक्की होत होती. हिंदी करणाऱ्या या मंडळींचं काम आपण ‘डबिंग’ म्हणून बाजूला ठेवतो आणि श्रेय चुकून डिस्नेला देतो. सुरुवातीला मी ज्यांच्या वाट्याचं बोलले, ते हे लोक.

आता मुलांना दाखवायचं असेल तर आणखी एक मोगली मध्ये येतो. हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटची २०१०ची संगणकावर केलेली मालिका. आजची अनेक मुलं मोगली म्हणून त्यालाच ओळखतात, तेव्हा शोधताना सालाकडे लक्ष द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांना १९६७चा चित्रपट जरूर दाखवा, फक्त शेजारी बसून आणि लुईबद्दल, त्या मुलीच्या गाण्याबद्दल दोन शब्द बोलून. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी १९८९ची मालिका, रोज एकच भाग, आणि मिळाली तर हिंदीतच.